खेड्याला तिकिटांचा छंद कशाला?

गेल्या वर्षीं सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागांतील एका लहानशा गांवीं जाण्याचा आम्हांस योग आला. आमचा एक जुना विद्यार्थी तेथील माध्यमिक शाळेंत शिक्षक आहे. शाळेंत टपाल-तिकिटांचा संग्रह करणारें एक मंडळ काढावें असा त्याचा मानस होता, आणि शाळेच्या कारभारी मंडळींपुढें दोन शब्द बोलण्यासाठीं त्यानें आम्हांस मुद्दाम बोलाविलें होतें. आम्ही बोललों. मंडळींनीं शांतपणें ऐकून घेतलें, चहा दिला, आणि मग त्यांतील एका वजनदार गृहस्थांनीं एका वाक्यांत सर्व निकाल लावला : "प्रोफेसरसाहेब, इथं फेब्रुवारीपासनं टँकर लागतो, तिकिटं कसली चिकटवताय?" सभा हंसली. आमचा विद्यार्थी खालीं मान घालून बसला. आम्हीही त्या वेळीं निरुत्तर झालों, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु उत्तर तेव्हां सुचलें नाहीं म्हणून तें मुळांतच नाहीं, असें नव्हे. हाच आक्षेप आम्हीं पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांच्या तोंडूनही अनेकदां ऐकला आहे. फरक इतकाच कीं, त्या गृहस्थांच्या बोलण्यांत गांवाची खरी कळकळ होती, आणि शहरवासीयांच्या बोलण्यांत नुसता उपहास असतो. कळकळीला उत्तर देणें हें आमचें कर्तव्य आहे. तें देतां देतां उपहासाचाही समाचार घेतां आला तर बरेंच झालें.

पहिला आक्षेप 'आधीं पोटोबा, मग विठोबा' या जातीचा आहे. गांवास पाणी नाहीं, तरुणांस काम नाहीं, मग हा चोचला कशाला? ऐकावयास हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण जरा पाहिलें तर असें दिसतें कीं, त्याचा उपयोग कांहीं विवक्षित गोष्टींविरुद्धच होतो. त्याच शाळेच्या दाराशीं नुकतीच एक भव्य कमान उभी राहिली आहे. ती उभारतांना टँकरची आठवण कोणास झाल्याचें आम्हांस कळलें नाहीं. जत्रेंत कर्णे लावतांना, वाढदिवसाचे फलक रंगवितांना पाण्याचें दुर्भिक्ष आड येत नाहीं. तें आड येतें तें ग्रंथालयाच्या, प्रयोगशाळेच्या आणि मुलांच्या छंदाच्या वेळीं. शिवाय ज्या मुलखांत हा सिद्धांत सांगितला जातो, त्या मुलखाचा आचार तरी काय आहे? पेरणी करून पावसाची खात्री नसतां माणसें वारीला निघतात. पोट भरेपर्यंत विठोबास थांबवून ठेवण्याची रीत येथें कधींच नव्हती. मग ती मुलांच्या जिज्ञासेलाच कां लावावी?

दुसरा आक्षेप असा कीं, हा श्रीमंतांचा चाळा आहे. बादशहा पंचम जॉर्ज तिकिटें गोळा करीत असत हें खरें; परंतु बादशहा अन्नही खात असत, म्हणून अन्न ही राजेलोकांची वस्तु ठरत नाहीं. तिकिटाचा इतिहास तर नेमका याच्या उलट आहे. १८४० च्या मे महिन्यांत रोलंड हिल यांच्या योजनेनुसार इंग्लंडांत एक पेनीचें काळें तिकीट निघालें. तत्पूर्वीं टपालाचें हंशील बहुधा पत्र घेणाऱ्यास, आणि तेंही अंतराच्या मानानें, द्यावें लागे. गरिबाच्या दारीं आलेलें पत्र म्हणजे एक संकटच असे. आपल्याकडे १८५२ सालीं सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनीं आपल्या प्रांतापुरतीं अर्ध्या आण्याचीं तिकिटें काढलीं. आशियाखंडांतील तीं पहिलीं. १८५४ च्या ऑक्टोबरांत सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं तिकिटें आलीं, आणि पाव तोळ्याचें पत्र देशांत कोठूनही कोठेंही जावो, त्यास अर्धा आणा हा एकच दर ठरला. १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड आलें, १८८० सालीं टपालानें मनिऑर्डर सुरू केली. या तीन सोयी नसत्या तर घाटावरचा आणि कोंकणांतला जो माणूस मुंबईच्या गिरण्यांत राबत होता, त्याचा आणि त्याच्या घराचा संबंध कशाच्या आधारें टिकला असता? घरची चूल महिन्याच्या मनिऑर्डरवर पेटे, आणि मनिऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर चार ओळींत मुलांची, म्हातारीची, बैलांची विचारपूस असे. ज्या कागदानें गरिबाचा संसार सांधला, त्यास श्रीमंतांचें खेळणें म्हणावयाचें, हें अज्ञान आहे.

तिसरा आक्षेप शहरी आहे. टपालच मेलें, आतां तिकिटें कसलीं गोळा करतां, असें तो विचारतो. तारखातें २०१३ च्या जुलैंत बंद झालें. रजिस्टर टपाल २०२५ सालीं स्पीड पोस्टमध्यें विलीन झालें. डेन्मार्कसारख्या देशाच्या टपालखात्यानें तर चारशें वर्षांची परंपरा असलेलें पत्रवाटप २०२५ च्या अखेरीस थांबविलें. हें सर्व आम्हांस ठाऊक आहे, आणि म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, हें काम आज केलें पाहिजे. जोंवर पत्रें रोज येत होतीं तोंवर तीं जपण्याची निकड नव्हती. आतां नवीन येत नाहींत आणि जुनीं वेगानें नाहींशीं होत आहेत. जुनें घर पाडून स्लॅबचें घर बांधावयास घेतलें कीं माळ्यावरची पत्र्याची पेटी प्रथम अंगणांत येते आणि दुसऱ्या दिवशीं किलोच्या भावानें भंगारवाल्याच्या गाडींत चढते. आम्ही ज्या गांवीं गेलों होतों, तेथें दोन वर्षांत अशा तीन पेट्या गेल्याचें आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलें. त्यांत काय होतें हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

एका पेटींत काय होतें तें मात्र आम्ही सांगूं शकतों. सभेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आम्ही निघण्याच्या तयारींत असतां, आठवींतला एक मुलगा एक पिंवळें पडलेलें पाकीट घेऊन आला. त्याच्या पणजोबांच्या वडिलांचें, म्हणाला. त्यावर तिकीट नव्हतें. "तिकीट नाय सर, मग चालंल का?" असें त्यानें भीत भीत विचारलें. त्या पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा एक शिक्का होता, १९१६ सालची तारीख होती आणि एक सेन्सॉरचा ठसा होता. पहिल्या महायुद्धांत रणक्षेत्रावरच्या शिपायांच्या साध्या पत्रांना पुष्कळदां तिकीट लागत नसे. त्या मोहिमेसाठीं खास 'आय्. ई. एफ्.' अशीं अक्षरें छापलेलीं तिकिटें निघालीं होतीं, तीं इतर टपालाला लागत. याच जिल्ह्यांतील अपशिंगें या गांवचे ४६ जवान त्या युद्धांत पडले, हें मुलानें शाळेंत ऐकलें होतें. पण तें युद्ध आपल्या घरच्या माळ्यावरही आहे हें त्यास त्या सकाळीं कळलें. आम्हीं त्यास सांगितलें कीं, चालेल. आणि या गांवच्या मंडळाची पहिली नोंद हीच असूं दे.

येथवर विरोधकांशीं बोललों. आतां जे आमच्या बाजूचे म्हणवितात त्यांस दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण छंदाचें खरें नुकसान तेच अधिक करतात. एक वर्ग उद्घाटनप्रिय लोकांचा. हार, नारळ, छायाचित्र, आणि नंतर कपाटाला कुलूप. दुसरा वर्ग भाव सांगणारांचा. अमक्या तिकिटाला लाख रुपये आले हें ऐकवून ते मुलांस संग्राहक नव्हे, सटोडिये बनवितात. आणि ज्या दिवशीं मुलास कळतें कीं आपल्या वहींतल्या तिकिटांस बाजारांत कांहींच किंमत नाहीं, त्या दिवशीं त्याचा छंद संपतो. तिसरा वर्ग विकतचीं रंगीबेरंगी पुडकीं आणून देणारांचा. त्या पुडक्यांत दूरदूरच्या देशांचीं फुलें, फुलपांखरें, मोटारी असतात. त्यांतील बरींच तिकिटें कधीं पत्रावर बसलेलींच नसतात. आणि चौथा वर्ग कात्री हातीं दिलेल्यांचा. पाकिटावरून तिकीट कापून घ्यावयाचें आणि पाकीट फेंकून द्यावयाचें! पत्ता, शिक्का, तारीख, वाटेंतल्या टपालकचेऱ्यांच्या खुणा हीं सारीं गेलीं म्हणजे उरतो तो एक रंगीत चौकोन. कापण्यापूर्वीं तो एका माणसाचा पुरावा होता.

मग मंडळ कसें असावें? आमचें मत अगदीं साधें आहे. सात-आठ मुलें, आठवड्यांतून एक दुपार, एक जाड वही, पारदर्शक पाकिटें, एक भिंग, एक बोथट चिमटा. सुटीं तिकिटें कोमट पाण्यांत भिजवून सोडवावीं. जुन्या पाकिटास मात्र पाणी लावूं नये. प्रत्येक मुलानें प्रथम आपल्या आणि मग शेजाऱ्याच्या घरचीं पाकिटें पाहावीं, आणि वहींत लिहावें : कोठून आलें, केव्हां, कोणत्या शिक्क्यानें, कोणाकडे. आंतील पत्र घरच्यांच्या परवानगीवांचून वाचूं नये. दुसऱ्याचें पत्र हातांत असतांना न वाचणें हें शिक्षणही कांहीं कमी मोलाचें नाहीं. ज्या घरांत पूर्वीं अक्षर पोंचूं दिलें गेलें नाहीं, त्या घरीं जुनीं पत्रें सांपडणार नाहींत. तेथें मनिऑर्डरचा तुकडा असेल, मुंबईहून मुलीनें धाडलेलें एखादें अंतर्देशीय असेल. तेंही त्याच मानानें नोंदलें जावें. अमुक घरीं कांहींच नाहीं आणि कां नाहीं, ही नोंदसुद्धां इतिहासच आहे.

एवढ्यावरून मुलें किती शिकतील याचा हिशेब आक्षेप घेणारांनीं एकदां मांडून पाहावा. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनीं पिन कोड सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवि होते. त्या सहा आंकड्यांतून देशाचा नकाशा उलगडतो. मराठवाड्यांतल्या जुन्या पाकिटावर निजामाच्या संस्थानाचें तिकीट मिळेल, त्यावर फारसीबरोबर मराठी व तेलुगू अक्षरेंही दिसतील. १९४८ पर्यंत तो मुलूख कोणाच्या सत्तेखालीं होता हें मग निराळें पाठ करावें लागणार नाहीं. १९४७ च्या नोव्हेंबरांत स्वतंत्र भारताचें पहिलें तिकीट निघालें, त्यावर ध्वज आणि 'जय हिंद' आहे. धोंडो केशव कर्वे यांचें तिकीट १९५८ सालीं, ते हयात असतांना निघालें. जोतीराव फुल्यांचें तिकीट १९७७ सालीं निघालें आणि सावित्रीबाईंचें १९९८ सालीं. हीं दोन तिकिटें एका पानावर शेजारीं शेजारीं लावलीं तर एखादी चुणचुणीत मुलगी विचारल्यावांचून राहणार नाहीं कीं, बाईंस आणखी एकवीस वर्षें कां थांबावें लागलें? तिच्या शिक्षकास उत्तर देतां आलें नाहीं तरी चालेल. प्रश्न पडला हेंच त्या मंडळाचें सार्थक.

ज्यांस रोकड फायद्यावांचून कांहींच पटत नाहीं त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगून ठेवतों. टपालखात्यानें २०१७ सालीं 'दीनदयाळ स्पर्श' नांवाची शिष्यवृत्ति सुरू केली. सहावी ते नववीच्या मुलांस वर्षाला ६,००० रुपये, साऱ्या देशांत मिळून ९२० शिष्यवृत्त्या, आणि अट अशी कीं शाळेंत असें मंडळ असावें व मूल त्याचें सभासद असावें, नाहीं तर त्याचें स्वतःचें संग्राहक-खातें टपालांत असावें. शहरांतल्या शाळांना ही बातमी लागली होती. खेड्यांतल्या मुलाला ती कोणीं सांगावयाची? ज्या कारभाऱ्यांनीं टँकरचें नांव घेऊन सभा हंसविली, त्यांनीं या प्रश्नाचें उत्तर द्यावें.

त्या गांवच्या शाळेनें मंडळास अजून परवानगी दिलेली नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या पडवींत दर शनिवारीं दुपारीं सहा मुलें आणि दोन मुली जमतात, आणि वहीचीं तीस पानें भरलीं आहेत असें त्यानें परवां कळविलें. पाण्याच्या टँकरला आमचा विरोध नाहीं. तो वेळेवर यावा अशीच आमची इच्छा आहे. पण टँकर उद्यां पुन्हां येईल, भंगारांत गेलेली पेटी येणार नाहीं. वाचकांपैकीं ज्यांचें गांवीं घर आहे, त्यांनीं पुढच्या सुटींत माळ्यावर चढून पाहावें, आणि जें सांपडेल तें कात्री न लावतां गांवच्या शिक्षकापुढें नेऊन ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.