भूमिपूजनानंतरची सकाळ

कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा 560 टीएमसी वाटा बच्छावत लवादाने 1976 मध्ये पक्का केला. मे 2000 नंतर त्याचा फेरविचार होऊ शकेल, हेही तेव्हाच ठरलं. तोवर हे पाणी अडवून वापरात आणायला हाती चोवीस वर्षं होती. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं 1996 मध्ये. मग रोखे निघाले, नारळ फुटले, एकच धावपळ उडाली. ताकारी-म्हैसाळ या उपसा सिंचन योजना आधीच रेंगाळल्या होत्या, त्यांत टेंभूची भर पडली. दुष्काळी आटपाडी-जतच्या पोरांना या योजनांची नावं पाणी दिसण्याच्या कितीतरी आधी पाठ झाली.

चालढकल म्हणजे आळस, असा आपला समज. सरकारी चालढकल मात्र भलतीच उद्योगी असते. सर्वेक्षण, फेरसर्वेक्षण, सुधारित प्रशासकीय मान्यता... कुणी रिकामा बसलेला नसतो.

सरकारला वेळेत काही जमतच नाही, असंही नाही. कोयनेचं काम 1954 मध्ये सुरू झालं आणि 1962 मध्ये वीज आली. त्याच धरणाने उठवलेल्या गावांचे पुनर्वसनाचे अर्ज मात्र पुढच्या पिढ्यांनीही केले. रेटा कुणाचा, यावर काम आज होणार की पुढे ढकललं जाणार, हे ठरतं.

येरळा नदीकाठचा बळीराजा बंधारा म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवावा लागतो. 1982 च्या गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले, तर इथे दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडून दुष्काळ हटत नाही, हे त्यांना लवकर उमगलं. डोळ्यांसमोर ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते. त्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्या साथीने ती लूट अडवली. थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू, असा हिशेब मांडला. शासनाच्या परवानगीसाठी भांडण चालूच राहिलं. पण त्यासाठी काम अडवून ठेवलं नाही. बलवडी-तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी श्रमदान केलं, बाहेरून विद्यार्थी आले. पाणी किती एकरांना, यापेक्षा किती कुटुंबांना, हा प्रश्न आधी घेतला आणि भूमिहीनांनाही वाटा ठेवला. माझ्या मते बंधाऱ्याच्या भिंतीइतकंच हे मोठं काम होतं.

सगळं जमून येण्याची वाट न पाहता कामाला लागायची ही रीत या मुलखाला नवी नव्हती. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. निवडुंग आणि साप, एवढीच तिथली मालमत्ता. 1910 मध्ये तिथेच कारखाना उभा राहू लागला. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा हाताशी ना इमारत होती ना निधी. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. असा त्याग कुणाकडून मागू नये, हे खरंच. पण निधी जमेपर्यंत थांबले असते तर त्या पोरांची शाळेची वर्षं निघून गेली असती.

टेंभूचं पाणी आता दुष्काळी पट्ट्यात पोचतंय, त्याचं श्रेय घ्यायला सगळे पक्ष हजर आहेत. उशिराचा हिशेब द्यायला कुणी नाही. तेव्हा पुढच्या भूमिपूजनाचं आमंत्रण आलं तर जरूर जा, पेढाही घ्या. मात्र व्यासपीठावरच्यांना एवढं विचारा, उद्या सकाळी इथे कामावर कोण येणार आहे?