क्षेत्र निवडण्याचा हक्क

जात माणसाला धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीचेही कारण ठरते, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ ग्रंथात दाखवून दिले. आपल्या आजोबांना निवड नव्हतीच. आयटीआय झालेल्या आपल्या मुलामुलींना ती आहे. ती विचारपूर्वक करावी. सातारा-सांगलीतील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम काही महिन्यांचाच. घरगुती वायरिंगला गिऱ्हाईक पुष्कळ, तशी उधारीही पुष्कळ. कृष्णाकाठी मात्र शेतीपंप पावलोपावली आहेत. ऐन पाण्याच्या पाळीत मोटार जळाली, की गरजवंत शेतकरी कारागिराची जात नव्हे, हात पाहतो. माझ्या मते मोटार रिवाइंडिंगचे स्वतःचे दुकान श्रेयस्कर. रास्त दर घ्यावा, तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमची तार भरू नये. सम्यक आजीविका ती हीच.