फोर्कची गळती आणि काटकसर

घरच्या मोटारसायकलीच्या पुढील फोर्कवर तेलाचें वलय दिसूं लागलें, म्हणजे गॅरेजची वाट धरण्यापूर्वीं वाचकांनीं दोषाचें निदान करावें, अशी आमची सूचना आहे. पुष्कळदां ऑइल-सील फाटलेलें नसतें. त्याच्या ओठाखालीं धुळीचा कण अडकलेला असतो. वरील धूळ-सील हलकेंच वर सरकवून जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पट्टी ऑइल-सील व नळी यांच्यामध्यें घालावी, सभोंवार फिरवावी व निघालेली घाण पुसावी. मग फोर्क कांहीं वेळां खालीं-वर दाबून पाहावा. गळती थांबली, तर खर्च कांहींच नाहीं.

न थांबल्यास नळीवरून नख फिरवावें. गंजाचा खडबडीतपणा लागल्यास तो १००० नंबरच्या ओल्या पॉलिश-पेपरनें घासून काढावा. एरवीं नवें सीलही थोड्याच दिवसांत कापलें जाईल. खड्डा खोल असल्यास नळीच बदलावी लागते. सीलें दोन्ही बाजूंचीं बदलावीं व तेल पुस्तिकेंतील मापानेंच भरावें.

काटकसर येथपर्यंतच शोभते. तेल ओघळून ब्रेकच्या पॅडांत मुरलें असेल, तर ते पुसून वापरूं नयेत, नवेच घालावे. ऐन वळणावर चाक थांबलें नाहीं, तर वांचलेल्या रुपयांचें घरच्यांस काय मोल?