शाहिराचे नाव, शाहिराचे दाम

उइटहॉर्नमध्ये आम्स्टेलकाठी राहणारी आमची कुटुंबे भीमजयंतीला एकत्र येतात, तेव्हा भीमगीते लागतातच. ती बहुधा मोबाइलवरून फिरत आलेली असतात. गीत कोणाचे, चाल कोणाची, याचा त्यांवर पत्ता नसतो. ‘गाणे चळवळीचे, त्यावर मालकी कसली?’ असे म्हणून आपण हा प्रश्न बाजूस सारतो. ते योग्य नाही, असे आमचे मत आहे.

वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मले आणि २००४ साली निवर्तले. गावोगाव फिरून त्यांनी हजारो गीते समाजाला दिली. अखेरच्या कडव्यात ते ‘वामन’ ही नाममुद्रा गुंफीत. शाहिराचा हाच जुना स्वामित्वहक्क. ते कडवे गाळले की कर्ताही गळतो.

कायदा कलावंताच्या बाजूचा आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार कर्त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या अशा गीतांवर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन भारतात २०१७ पासून मुक्त झाले, म्हणून चळवळीचे सारेच साहित्य मुक्त झाले असे नव्हे. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्यास देताना करारात मुदत लिहिली नसेल, तर तो पाच वर्षांपुरताच दिला असे धरतात. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरताच. कलम १९ मधील ही तरतूद प्रत्येक तरुण शाहिराने आणि रॅपरने ध्यानी ठेवावी. नेदरलँड्समध्येही, युरोपीय न्यायालयाच्या १० एप्रिल २०१४ च्या निकालानंतर, चोरीच्या प्रतीवरून खासगी वापरासाठी नक्कल करण्याची मुभा उरलेली नाही.

तथापि एकटा कलावंत सीमेपलीकडे दावा लावू शकत नाही. त्याचे खरे संरक्षण आपल्याच हाती आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते राबवून घेऊन मोबदला नाकारणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध. त्याच समाजातील कलावंताचे श्रम आपण फुकट वापरले, तर वेठबिगारीची निंदा कोणत्या तोंडाने करावी? पंचशीलातील दुसरे शीलही न दिलेले घेऊ नये, असेच सांगते.

गाण्याच्या प्रसाराला आमचा विरोध नाही. गायल्यानेच गीत जगते. मात्र गाण्यापूर्वी कवीचे, संगीतकाराचे व गायकाचे नाव घ्यावे. ध्वनिफीत यूट्यूबवर टाकण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. पुस्तकाची पीडीएफ पुढे पाठवण्याऐवजी दीक्षाभूमीवरील व चैत्यभूमीवरील पुस्तकविक्रेत्यांकडून प्रती मागवाव्यात. जयंतीच्या खर्चात सभागृह आणि भोजन यांच्याबरोबरीने कलावंताच्या मानधनाचाही रकाना असावा. कृतज्ञतेची भाषणे आपण पुष्कळ करतो. तिचा हिशेबही मांडला पाहिजे.