नौकाविहार आणि खाजनाचा बांध

पणजीच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली पर्यटकांची नौका सायंकाळी परतते, तेव्हा आतील प्रवाशांना किनाऱ्यावरच्या गोव्याहून निराळाच गोवा दिसलेला असतो. उजव्या हाताला सतराव्या शतकातील तो लांबलचक जुना पूल व रायबंदर मागे पडते. डाव्या हाताला चोडणची दाट खारफुटी आणि डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य लागते. पुढे दिवाडी बेट आणि त्याच्यासमोर जुन्या गोव्याची चर्चशिखरे उभी राहतात. तेथून नौका कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरते. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणाऱ्या त्या अरुंद जलमार्गात चिखलावर पहुडलेली मगर दिसली की सारे प्रवासी एका अंगाला गोळा होतात. कोठेतरी माडाच्या सावलीत जेवण होते आणि सूर्यास्ताला पाहुणे पणजीस पोहोचतात.

अशा सहली वाढाव्यात, पर्यटकांचा लोंढा किनाऱ्यांवरून थोडा आतल्या गावांकडे वळावा, असे सरकारी पर्यटन धोरण गेली काही वर्षे सांगत आहे. ‘किनाऱ्यापलीकडचा गोवा’ ही घोषणा आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. या धोरणास आमचा विरोध नाही. कळंगुट-बागाच्या वाळूवर जे घडले, ते पाहता गोवा म्हणजे दारू आणि दंगा ही समजूत पुसण्यास नदीकाठची गावेच अधिक उपयोगी पडतील. प्रश्न एवढाच आहे की, जो देखावा आपण विकावयास निघालो आहोत तो कोणी निर्माण केला, त्याची राखण कोण करतो, आणि त्या राखणीचा खर्च कोणाच्या खिशातून होतो?

नौकेतून पाहणाऱ्यास वाटते की, हिरवीगार भातशेती, तिच्या कडेने गेलेली मातीची वाट, पलीकडे संथ पाणी, ही सारी निसर्गाची देणगी आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ती वाट म्हणजे बांध आहे, आणि बांधाआडची जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. दिवसातून दोनदा समुद्र मांडवीतून वर चढतो, आणि दिवसातून दोनदा तो बांध त्याला अडवून धरतो. चिखल, पेंढा, बांबू आणि चिरे यांनी रचलेल्या या बांधाच्या पोटात ‘मानस’ असते. तिची लाकडी झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. मृगाच्या सरी जमिनीतले मीठ धुऊन नेतात, मग खारे पाणी सोसणारे कोरगुटासारखे भात तेथे उभे राहते. मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. इंजिन नाही, वीज नाही. केवळ चंद्राच्या गतीवर चालणारी ही व्यवस्था शेकडो वर्षे गोमंतकाचे पोट भरीत आली. गोव्यातील अशी खाजन जमीन सतरा-अठरा हजार हेक्टर असल्याचे मानले जाते.

ही व्यवस्था कोणा राजाने उभारली नाही. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण येथे अक्षरशः खरी आहे. गावकरीने बांध घातले, गावकरीने मानशी बसविल्या आणि त्यांची देखरेख कोणी करावी, मासळीचा लिलाव कसा व्हावा, फुटलेल्या बांधावर कोणी केव्हा धावून जावे, याचे नियम ठरविले. पोर्तुगीज राजवटीने इतके काही मोडले. परंतु गावकरीची ही पद्धत मोडून आपला सारा बुडेल हे ओळखून १५२६ च्या फोरालमध्ये तिला लेखी मान्यताच दिली. दुर्भाटसारख्या गावी आजही मातीची मगर थापून तिची पूजा होते. ज्या प्राण्याचे छायाचित्र घेण्यास पर्यटक धडपडतो, तो खाजनाच्या माणसाला राखणदार वाटतो. पाण्याशी वैर करून येथे राहता येत नाही, हे त्या पूजेमागचे शहाणपण आहे.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीची मालकी दिली. हा न्याय होता आणि त्याबद्दल कोणाच्याही मनात किंतू असण्याचे कारण नाही. परंतु जमीन कुळांकडे आली, तशी बांधाची सामुदायिक जबाबदारीही कोमुनिदादीकडून कूळसंघांकडे आली. अनेक ठिकाणी हे संघ केवळ कागदावर उरले. शेतात राबण्यास घरात माणूस राहिला नाही. कोणी आखातात गेला, कोणी बोटीवर, कोणी पणजीत नोकरीस लागला. शेत पडीक राहिले, तरी मानशीवरच्या मासळीचा लिलाव मात्र चालू राहिला. लिलाव घेणाऱ्यास भातापेक्षा कोळंबी प्रिय असते, म्हणून मिटावयाची झडप उघडी ठेवली जाते आणि खारे पाणी शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरते. एकदा शेत खारावले की ते पुन्हा गोडे होण्यास अनेक पावसाळे जावे लागतात, आणि तोपर्यंत तेथे खारफुटी वाढून शेताची ओळखच पुसलेली असते.

अशा दुबळ्या झालेल्या बांधावर नदीतील वाहतुकीचा मारा बसतो. खनिजवाहू बार्जेसनी मांडवी-जुवारीच्या तीरांवर अनेक दशके लाटा आपटल्या, हे या काठची माणसे विसरलेली नाहीत. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा बार्जेसची ये-जा थंडावली. परंतु बांधांच्या झालेल्या झिजेची भरपाई त्यामुळे झाली नाही. २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग ठरले आहेत. नौका मालाची असो की माणसांची, तिने वेग वाढविला की तिच्यामागची लाट मोठी होते, आणि अरुंद कालव्यात ती लाट थेट बांधाच्या पायाला भिडते. पाहुण्यांना वेळेवर जेवणास पोहोचविण्याची घाई शेतकऱ्याच्या मुळावर यावी, हा कोणता पाहुणचार?

नदीमुखाच्या प्रदेशाची ही कहाणी केवळ गोव्याची नव्हे. केरळातील कुट्टनाड हा समुद्रसपाटीहून खाली भात पिकविणारा प्रदेश. २०१३ मध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेने त्याच्या शेतीपद्धतीला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तेथे एकेकाळी भात वाहून नेणारी केट्टुवळ्ळम गेल्या तीन-चार दशकांत पर्यटकांचे तरंगते घर बनली. रोजगार वाढला, नाव झाले. परंतु वेंबनाड सरोवरातील सांडपाणी आणि तेल यांच्या तक्रारीही वाढल्या, आणि २०१८ च्या महापुराने त्या सखल भूमीचे दौर्बल्य साऱ्या देशास दाखविले. बंगालच्या सुंदरबनात मे २००९ च्या ‘आयला’ वादळाने बांध फोडले, शेते खाऱ्या पाण्याखाली गेली आणि कितीतरी माणसांना पोटासाठी गाव सोडावे लागले. वाघ पाहावयास जाणाऱ्या नौका तेथे आजही जातात. गेलेली सारी माणसे मात्र परतली नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, शेती परवडत नाही म्हणूनच तरुण गाव सोडतो. त्याला सहलीच्या नौकेवर काम मिळाले तर बिघडले काय? काहीच बिघडले नाही, उलट आम्हास ते हवेच आहे. दिवसभर फिरून परत जाणारी नौका ही शेत बुजवून उभ्या राहणाऱ्या वसाहतीपेक्षा शतपटीने बरी. पण आजचा हिशेब काय सांगतो? नौका पणजीतील व्यावसायिकाची, तिकीट पणजीत फाडलेले, माहिती सांगणारा बहुधा परगावचा. दिवाडी-चोडणच्या वाट्यास इंजिनाचा धूर, काठाला लागलेल्या बाटल्या आणि लाट येते. देखावा गावाचा आणि उत्पन्न दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे.

तो बदलणे अशक्य नाही. नदीतील सहलीस परवाना देताना कालव्यात आणि बेटांच्या काठाने वेगाची मर्यादा घालावी, आणि बंदर कप्तान खात्याने ती प्रत्यक्ष पाळून घ्यावी. प्रत्येक तिकिटातील ठराविक वाटा ज्या गावाच्या काठाने नौका जाते त्या गावच्या बांधनिधीत जमा व्हावा. हा निधी पर्यटन खात्याच्या तिजोरीत न जाता ग्रामसभेच्या नजरेखाली बांधाच्या डागडुजीवरच खर्च व्हावा. पाहुण्यांना गाव दाखविणारा माणूस त्या गावचा असावा, म्हणजे तो मगरीबरोबर मानसही दाखवील. नौका कोठे लागावी आणि कोठे लागू नये, हे ग्रामसभेला विचारल्यावाचून ठरू नये. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजन जमिनींचे नकाशे करण्यास सांगितले आणि त्यांत कोणतेही विकासकाम होऊ नये असे स्पष्ट बजावले. ते तत्त्व नदी पर्यटनाच्या प्रत्येक योजनेचा पाया असले पाहिजे. धक्का आणि वाहनतळ यांच्या निमित्ताने खाजनात मातीचा भराव पडू लागला, तर गावांचे भवितव्य सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

फेरीबोटीतून पायी जाणाऱ्या माणसाकडून आपले सरकार भाडे घेत नाही. बेटावर राहणाऱ्याला नदीपार होणे हा त्याचा हक्क आहे, हे शासनाने त्यातून मान्य केले आहे. त्याच माणसाचे शेत कोरडे राहणे हाही त्याचा हक्कच आहे. आपले पाहुणे येथे घटकाभर येतात आणि समाधानाने जातात. गावाला मात्र पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला सामोरे जावयाचे असते. बांध फुटला तर भात जाईल, मासळी जाईल, माणसे जातील, आणि नौकेतून दाखविण्यासारखेही काही उरणार नाही. पर्यटनाच्या नव्या आराखड्यात पहिला आकडा धक्क्यांचा नसून बांधांच्या दुरुस्तीचा असावा, एवढी मागणी आम्ही सरकारकडे करीत आहोत. येत्या अधिवेशनात बेटांचे प्रतिनिधी ती लावून धरतील, अशी अपेक्षा आहे.