जीप किती उचलायची?



या महिन्यात मुलांच्या परीक्षेवर लिहायचं ठरवलं होतं. ते पुढच्या वेळी, इन्शाअल्लाह. गेले तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषयच नाही. अब्बा मरहूमांची १९९२ ची एमएम ५४० जीप, आणि ती किती उंच करायची यावरून चाललेला वाद.

जीप अजून रोजच्या कामाची आहे. आंब्याच्या दिवसांत वरच्या वाडीवरून पेट्या खाली येतात त्या हिच्यातूनच. पावसात वाडीवर कुणी आजारी पडलं तरी हीच जाते. वाट जांभ्या दगडाची, मध्ये एक पऱ्या, आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा दरवर्षी वाढतोच आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे गाडीचं पोट घासायला लागलं. कुवेतहून धाकट्या भावाचा फोन आला, "बाजी, चार इंच लिफ्ट करून टाक, मोठे टायर घाल. पैसे मी पाठवतो. आजकाल सगळे करतात."

सगळे करतात हे खरं आहे. गाडी उंच दिसली की रुबाब येतो. माझा अकरावीतला मुलगा मामूच्या बाजूने होता. अम्मीने एवढंच विचारलं, "मग मी चढायचं कशी?" तिचे गुडघे गेलेत. तेव्हा तो प्रश्न कुणी मनावर घेतला नाही, मीही नाही.

आमचा मिस्त्री जुना माणूस. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मला बाईच म्हणतो. तो म्हणाला, "बाई, आधी खाली वाकून बघा काय घासतंय ते. मग बोलू." मुलगा चटई टाकून खाली गेला आणि खडूने खुणा करून आला. ताजे ओरखडे दोनच ठिकाणी होते. एक, मागच्या एक्सलच्या मध्यावरचा गोल गड्डा, म्हणजे डिफरन्शियल. दुसरं, यू-बोल्टखालच्या पट्ट्या. या जीपला पाटे एक्सलच्या खालून बांधलेले असतात, त्यामुळे या पट्ट्या एक्सलच्या नळीपेक्षाही खाली लोंबतात. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, एकही ओरखडा नव्हता.

इथेच सगळा हिशोब फिरला. लिफ्टने उचलली जाते ती चासी आणि वरची बॉडी. एक्सल चाकाला जोडलेला आहे, तो होता तिथेच राहतो. पाट्यांना कितीही कमान द्या, डिफरन्शियल जमिनीपासून एक सूतही वर येणार नाही. ते वर येतं फक्त मोठ्या टायरने, आणि तेही निम्मंच. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर एक्सल एक इंच वर जातो, कारण व्यासाचा अर्धा भागच खाली असतो. आठवीचं गणित आहे, पण आमच्या घरात दोन पदवीधर आणि एक इंजिनियर असून कुणाला सुचलं नव्हतं.

मग लिफ्ट कशासाठी करतात? टायर मोठे घातल्यावर मडगार्डला घासू नयेत म्हणून, आणि खड्ड्यातून वर येताना गाडीचं नाक किंवा मधला भाग टेकू नये म्हणून. म्हणजे आधी टायर ठरवायचा, आणि त्या टायरला जेवढी जागा लागेल तेवढीच गाडी उचलायची. आम्ही चार इंचांपासून सुरुवात करून मागे चाललो होतो.

नंतर टेप काढला. सपाट जागा, चारही टायरमध्ये हवा सारखी, गाडी रिकामी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्यायचं. मागे उजवी बाजू डावीपेक्षा सव्वा इंच खाली निघाली. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तीस वर्षं त्याच बाजूवर जास्त वजन. पाटे जवळजवळ सपाट झालेले, आणि उजव्या बाजूचा एक आतून तुटलेला. मिस्त्री म्हणाला, "हिची मूळ उंचीच गेलीय बाई. ती आधी परत आणा, मग लिफ्टचं बघा." जुनी गाडी ज्यांच्या घरी आहे त्यांनी हे माप एकदा घ्यावंच. फुकट आहे.

तरीही भावाचं समाधान व्हावं म्हणून मी उंची वाढवण्याच्या सगळ्या पद्धती विचारून घेतल्या. सर्वांत स्वस्त शॅकलची. पाट्याच्या एका टोकाला झुलती कडी असते ती शॅकल. ती लांब बसवली की गाडी उचलते, पण शॅकल दोन इंच लांब केली तर उंची एकच इंच मिळते. लोक मग आणखी लांब करतात. पुढच्या बाजूला असं केलं की एक्सल थोडा फिरतो, चाकाचा कॅस्टर कोन बिघडतो, आणि वेगात स्टिअरिंग सरळ राहत नाही. गाडी रस्त्यावर डुलत चालते. दुसरी पद्धत एक पाटा वाढवण्याची. उंची येते, पण रिकामी गाडी दगडासारखी आदळते. पेट्या वाहणाऱ्याला चालेल, बाळंतिणीला नाही. तिसरी, जुनेच पाटे ठोकून कमान देण्याची. नीट पाणी दिलं नाही तर थोड्याच दिवसांत पुन्हा बसतात. चौथी पाटे एक्सलच्या वरून घेण्याची, तिने गाडी एकदम चार-पाच इंच वर जाते. भावाने पाहिलेल्या व्हिडिओतली हीच असावी.

या चौथीचा खर्च पाट्यांवर थांबत नाही. शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातात, गाडी थरथरते. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. शॉकअप आखूड पडतात. आणि ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ती ब्रेकची रबरी नळी. चाक खड्ड्यात लोंबलं की ती ताणते. दिसताना गाडी ठीक दिसते, पहिल्या मोठ्या खड्ड्यात नळी सुटते. एका इंचापासून चार इंचांपर्यंत कुठलीही लिफ्ट करा, चाक पूर्ण खाली लोंबवून ही नळी तपासल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

आणि वजन उंच जातं. जुन्या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर चार फुटांच्या आसपास. तेवढ्या पायावर उंच कपाट उभं केल्यासारखं. वरच्या वाडीची वाट पऱ्याजवळ एका बाजूला कलते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातली एक उचललेली जीप तिथेच कलंडली. चौघे होते, एकाचा हात मोडला, अल्लाहने वाचवलं. त्या गाडीत मागे मी बसलेली असते तर आज हा लेख कसा लिहिला असता कोण जाणे. सवारीची दुआ आम्ही मुलांना पहिलीत शिकवतो. उंट आधी बांधून ठेवण्याची ती हदीसही शिकवतो. ब्रेकची नळी मला त्या दोरीसारखी वाटते.

कायद्याचंही थोडं सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवावी लागते. चार इंच उचललेली गाडी तिथे अडली तर परत उतरवण्याचा खर्च वेगळा. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर समोर आला तर दाव्याचं काय होईल, हा विचार आधी करावा. इसराफ फक्त लग्नातच होतो असं नाही.

या वादात एक जुनी गोष्ट निघाली. अब्बा नेहमी सांगत, ही कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. अब्बा हे सांगताना बॉनेटवर हात ठेवत असत. भावाला मी फोनवर याची आठवण दिली तेव्हा तो जरा गप्प झाला. म्हणाला, "बाजी, मला अब्बांची गाडी चांगली दिसायला हवी होती, एवढंच."

शेवटी असं ठरलं. चारही बाजूंना मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश, नवे यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरायचे नाहीत, आणि नवेही पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. शॉकअप नवे, मूळ लांबीचे. टायर सहाशे-सोळाच्या जागी सातशे-सोळा, व्यासाने जवळपास दोन इंच मोठे. म्हणजे डिफरन्शियल एक इंच वर. टायर चढवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, कुठे घासत नाही. स्पीडोमीटर आता थोडा कमी दाखवतो, काटा साठवर असला की गाडी चौसष्टच्या आसपास असते. मोठं चाक थांबवायला जुन्या ड्रम ब्रेकला जास्त जोर लागतो, म्हणून लायनरही बदलले. हा खर्च भावाच्या हिशोबात नव्हता, पण त्यानेच दिला.

पाटे बदलल्यावर मागची उजवी बाजू दोन इंच वर आली, बाकीच्या बाजू एक-सव्वा इंच. मुलगा म्हणाला, "अम्मी, ही तर लिफ्टच झाली!" चार इंचांचा रुबाब नाही आला, हे मान्य. मिस्त्रीने मागच्या दाराखाली लोखंडी पायरी जोडून दिली, पैसे घेतले नाहीत.

गेल्या जुम्याला वरच्या वाडीवर गेलो. पऱ्यानंतरच्या उंचवट्यावर मुलगा खाली उतरून वाकून बघत होता, मी हळूहळू गाडी पुढे घेत होते. दोन बोटं जागा राहिली म्हणे. अम्मी मागे बसली होती, तिला वरच्या खालाकडे जायचं होतं. परत येताना तिने पायरीवर पाय ठेवला, दाराची कड धरली, आणि कुणाचा हात न घेता चढली.