धुक्यातलं बोडकं झाड मेलेलं नसतं

पौष लागला की आपल्या एडवण, कोरे, उसरणी, केळवे या पट्ट्यात सकाळी आठ-नऊपर्यंत धुकं हलत नाही. सफाळ्याकडे वरकसातून जाताना रस्त्याकडेला मोटारी उभ्या दिसतात आणि शहरातली मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून बोडक्या झाडांचे फोटो काढत असतात. आपली पोरंही काही मागे नाहीत, मोबाईलच्या स्टेटसला तेच चित्र. जाणत्यांना हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. मला तसा वाटत नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की हे फोटो सर्वांत आधी ज्याच्या बांधावर ते झाड उभं आहे त्यानं काढले पाहिजेत.

याचं कारण सरळ आहे. थंडीत ज्या झाडाला पान नाही, ते मेलं असं आपण फार लवकर ठरवतो. लाकडाचा व्यापारी नेमका याच दिवसांत फिरतो. "झाड वठलंय काका, पावसात पडेल, त्यापेक्षा आत्ता दोन पैसे घ्या," असं म्हणतो, आणि घरात लग्न नाहीतर दवाखाना असला की आपण मान डोलावतो. मोई, पांगारा, काटेसावर, पळस ही झाडं पानं टाकतात ती पाणी वाचवण्यासाठी. उन्हाळ्याची ती त्यांची तयारी असते. सावरीला तर पान नसतानाच फूल येतं. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत असतात, म्हणून काही ते झाड गेलेलं नसतं. नखानं किंवा कोयत्याच्या टोकानं कोवळ्या फांदीची साल जराशी खरवडून बघा. खाली हिरवं आणि ओलं लागलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर दुसरी फांदी बघा, तिसरी बघा, आणि मग बोला.

आता आपल्याकडच्या बोडक्या झाडांची दुसरी जात, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. धुक्यात खांबासारखा उभा ऐन, वर चार गाठी आणि मुठीएवढे शेंडे, हे चित्र बाहेरच्या माणसाला फार आवडतं. त्याला ठाऊक नसतं की ही पानगळ नव्हे, हा राब आहे. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला आपण टहाळ तोडतो, तो वाळवून शेणाबरोबर पसरतो आणि पेरणीआधी पेटवतो. ही पद्धत आजची नाही. १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारनं आयोग बसवला, तेव्हा राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हाच वादाचा एक मोठा मुद्दा होता. तेव्हा फोटो हाताशी असते तर कोणत्या डोंगरावर किती ऐन होते आणि कसे छाटले जात होते, हे आज समोर ठेवून बोलता आलं असतं. आता नुसती मतं उरली आहेत, सरकारची एक आणि शेतकऱ्याची एक.

राब वाईट, असं मी सरसकट म्हणणार नाही. भाजलेल्या जागेत तण कमी येतं आणि रोप जोमानं उठतं, हे डोळ्यांना दिसतं. पण एकाच झाडावर दरवर्षी कोयता चालला आणि शेंडासुद्धा ठेवला नाही, तर झाड आतून पोकळ होत जातं. ते एका वर्षात कळत नाही. एकाच जागेवर उभं राहून पाच थंड्या फोटो काढलेत तर कळेल. पहिल्या वर्षी शेंड्याला किती फुटवे होते, पाचव्या वर्षी किती उरले, हे कोणा साहेबानं सांगायची गरज पडणार नाही. जपानात क्योटो इथं चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात, आणि आज हवामान बदलाचा अभ्यास करणारे त्या वापरतात. आपल्याला राजदरबार नको, एक मोबाईल पुरे.

किनाऱ्यालगतच्या मंडळींनी सुरूच्या झाडांकडेही याच नजरेनं पाहावं. मुळाखालची वाळू गेली की सुरू आडवा होतो. समुद्र किती आत आला हे सांगताना आपण हात लांब करून दाखवतो, त्यानं सरकारी कागद हलत नाही. फोटोत विहीर, देऊळ, विजेचा खांब अशी न हलणारी एखादी खूण धरा. खाजणाचा बांध फुटून खारं पाणी शिरलं आणि शेताकडेची झाडं वाळली, तर तिथंही तेच करा. आणि बोईसर-तारापूरकडच्या बंधूंनो, सगळं पांढरं ते धुकं समजू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होतं. थंडीत हवा खाली दाबून राहते, धूरही तिच्यात अडकतो. झाड कशानं वाळलं हे नुसत्या फोटोवरून ठरत नाही, पण कधी वाळलं हे ठरतं.

या सगळ्यात पैशाचाही प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यातून मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग गेला, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या. संयुक्त मोजणीत झाडं मोजली जातात. मोजणी थंडीत आली आणि तुमचं झाड बोडकं असलं, तर ते जिवंत होतं हे दाखवायला तुमच्याकडे काय आहे? पावसाळ्यातला हिरवा फोटो आणि थंडीतला बोडका फोटो, दोन्ही शेजारी ठेवता आले पाहिजेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. बहुतेक जण भात नोंदवतात आणि मोबाईल खिशात टाकतात. तलाठी भाऊसाहेबांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) विनंती, की एवढी आठवण गावात करून द्यावी. आंबा, साग, ऐन, खैर, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या मालकीचं झालं तरी तोडायला परवानगी लागते, हेही व्यापाऱ्याला हो म्हणण्याआधी ध्यानात असू द्या.

फोटो काढायची रीत थोडक्यात सांगतो. धुक्यातला फोटो देखणा येतो, कारण मागचा पसारा झाकला जातो. पण बारीक फांद्या आणि डोळेही त्यात गडप होतात, म्हणून तो पुरावा म्हणून लंगडा. देखणा हवा तर दवानं भिजलेली काच आधी पुसा आणि उजेड एक घर वाढवा, नाहीतर सगळं राखाडी येतं. पुराव्याचा हवा तर ऊन पडेपर्यंत थांबा, सूर्य पाठीशी घ्या, बुंध्याशी माणूस उभा करा म्हणजे उंची कळेल. मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळेची आणि ठिकाणाची नोंद निघून जाते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

एक मात्र गैरसमज नको. फळपीक विमा हवामान केंद्रातल्या नोंदीवर चालतो, धुक्याचा फोटो दाखवून भरपाई मिळणार नाही. आंब्यासाठी धुक्याचा दिवस हा बाग फिरायचा दिवस समजा. मोहोरावर पांढरी बुकटी दिसली तर ती भुरी. दव सुकल्यावर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्याला २० ग्रॅम, या प्रमाणात फवारा. मोहोराचा जवळून घेतलेला फोटो आम्हाला दाखवलात तर तुडतुडे आहेत की करपा, हेही सांगता येईल.

ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही असते. ती कपाटात असेल तर बाहेर काढा. संक्रांतीच्या सुमारास एक फोटो, पालवी फुटल्यावर दुसरा, टहाळ तोडण्याआधी तिसरा, आणि मागे गट नंबर व तारीख. सुरुवातीला गावातली दहा झाडं पुरेत. शाळेच्या पोरांना सांगितलंत तर ती आपणहून वीस करतील.